चाकाखाली तुराट्या

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. कारण वगैरे काही खास नाही, नेहमीचाच आळस! पण गेले तीन शनिवार-रविवार गॅरेजमध्ये गाडीखाली वाकून वाकून पाठीचा पार खुळखुळा झालाय, त्यामुळे आज बसून करायचं काहीतरी काम हवंच होतं. म्हटलं, चला, लिहून टाकू.

तर बातमी अशी की फेब्रुवारीत आई-अप्पा म्युनिकला येताहेत. दुधनीच्या मंडळींना हे आधीच ठाऊक असणार, कारण आईनं तिकिटं निघायच्या आधीच अक्कलकोटपासून गुलबर्ग्यापर्यंतच्या सगळ्या नातेवाइकांना फोन केलेत. आईला नातेवाइकांसाठी घेऊन जायच्या चॉकलेटांची काळजी आहे. अप्पांची मागणी मात्र एकच. "तुझ्या त्या लाल गाडीत बसून बर्फातला रस्ता बघायचाय."

आता ही लाल गाडी म्हणजे काय ते आधी सांगतो. टोयोटाची जीटी ८६, सेकंडहँड घेतलेली. दोन दारं, पुढे दोन माणसं ऐसपैस, मागे दोन सीट आहेत असं कंपनीचं म्हणणं. (तिथे एकदा बायकोनं भाजीची पिशवी ठेवली होती, ती ठीक बसली.) दोन लिटरचं इंजिन, २०० अश्वशक्ती, जमिनीला टेकलेली बसकी चण, आणि ताकद सगळी मागच्या चाकांना. उन्हाळ्यात डोंगरातल्या वळणांवर ही गाडी चालवणं म्हणजे काय सुख असतं, ते शब्दांत सांगता येणार नाही. आणि हिवाळ्यात? हिवाळ्यात हिच्याइतकी गैरसोयीची गाडी शोधून सापडणार नाही. हलकी, बुटकी, रुंद टायरांची, मागून ढकलणारी. शेजारचे आजोबा दर ऑक्टोबरात विचारतात, हिला झोपवणार कधी? इथे पुष्कळ लोक अशा गाड्या नोव्हेंबर ते मार्च चक्क बंद करून ठेवतात.

मी नाही ठेवत. आणि का ठेवायला हवी होती, हे मला गेल्या वर्षीच्या नोव्हेंबरात कळलं.

हा भाग मी आजवर कुणालाच नीट सांगितलेला नाही. बायकोला सांगायची गरज नव्हती, ती शेजारच्याच सीटवर होती.

त्या शनिवारी म्युनिकमध्ये छान ऊन होतं. टायर अजून उन्हाळीच. विंटरराइफन, म्हणजे हिवाळी टायर, तळघरात पडलेले. इथे एक म्हण आहे, 'ओ ते ओ', ऑक्टोबर ते ऑस्टर्न, म्हणजे ईस्टरपर्यंत हिवाळी टायर घालावेत. मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात घालू की! आणि आम्ही वाल्खेनझे तळ्यावर फिरायला गेलो. तिथून परत खाली कोखेलला उतरताना केसलबर्गचा घाट लागतो. जेमतेम साडेआठशे मीटरची खिंड, पण एकामागोमाग एक अशी वळणं की १९०५ ते १९३५ या काळात इथे गाड्यांच्या शर्यती व्हायच्या. मला हा रस्ता फार आवडतो. शर्यतीचा रस्ता, शर्यतीसारखी गाडी, आणि बायकोसमोर थोडा रुबाब!

संध्याकाळी चार-साडेचारला अंधारून आलं आणि बघता बघता बर्फ सुरू झाला. वर खिंडीत रस्ता पांढरा. मी फार जोरात नव्हतो. चाळीस असेन. उतारावर एका वळणाआधी पाय ॲक्सिलरेटरवरून काढला, गिअर एक खाली टाकला, आणि क्लच जरा पटकन सोडला. बास, एवढंच. मागची चाकं इंजिनानं जागच्या जागी धरली आणि गाडीचा मागचा भाग अगदी शांतपणे, कसलाही आवाज न करता, पुढे यायला लागला. शांतपणे हाच शब्द बरोबर आहे. काचेतून आधी रस्ता दिसत होता, मग कठडा, मग झाडं, मग आम्ही जिथून आलो तो वरचा रस्ता. मग मागे 'ठप्' असा आवाज झाला आणि आम्ही थांबलो. तोंड वर, पाठ कठड्याला. कठड्यापलीकडे काय होतं ते मी दुसऱ्या दिवशी उजेडात नकाशावर पाहिलं. पाहायला नको होतं.

मागून एक जुनी व्हॅन हळूहळू आली. त्यातल्या माणसानं उतरून आधी आमच्याकडे पाहिलं, आम्ही ठीक आहोत याची खात्री केली, आपला लाल त्रिकोण काढून वर वळणावर ठेवून आला. मग टॉर्च पाडून माझ्या टायरांकडे पाहिलं. काही बोलला नाही. मान हलवली फक्त. ती मान हलवणं मला अजून आठवतं. पोलीस असते तर साठ युरो दंड आणि लायसन्सवर एक गुण लागला असता, ते परवडलं असतं.

नुकसान म्हणाल तर मागचा बंपर खरवडला आणि एक दिवा तडकला. बायको घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. घरी आल्यावर चहा टाकला, आणि कपाकडे बघत म्हणाली, "विकून टाक ती." मी हो म्हणालो. विकली नाही. आणि आठवड्यानं अप्पांनी व्हिडिओ कॉलवर विचारलं की दिव्याला काय झालं रे, तेव्हा सांगून टाकलं, "पार्किंगमध्ये कुणीतरी घासली."

पंचेचाळिशीला आलेला माणूस बापाशी असं खोटं बोलतो. असो.

अप्पांना गाडीचं एवढं का, हे घरच्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो. आमच्याकडे महिंद्राची जीप होती. दुधनीच्या अडतीत तुरीची पोती, लग्नाची वऱ्हाडं, गाणगापूरला दर्शनाला जाणारी मंडळी, सगळं त्या जीपमधून जायचं. १९९८ साली मला इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळाली आणि अप्पांनी जीप विकली. त्याबद्दल ते कधी काही बोलले नाहीत. मीही कधी विचारलं नाही. पण त्यानंतर त्यांनी स्वतःची चारचाकी घेतली नाही ती नाहीच. एसटी, रेल्वे, नाहीतर कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागे. म्हणून मी ही लाल गाडी घेतली तेव्हा सगळ्यात जास्त आनंद त्यांना झाला. फोटो मागवून घेतले, बाजारात दाखवले. त्यामुळे 'तुझ्या गाडीत बसून बर्फ बघायचाय' याला मला नाही म्हणता येत नाही. आणि कठड्याची आठवण आहे, त्यामुळे हो म्हणायचीही भीती वाटते.

यावर एकच उपाय होता. गाडी नीट तयार करायची. आणि ड्रायव्हरही!

सुरुवात अर्थातच टायरपासून. उन्हाळी टायरचं रबर साधारण सात अंशांच्या खाली कडक व्हायला लागतं, आणि कडक रबर रस्त्याला चिकटत नाही. म्हणजे बर्फ नसला तरी थंडीतच त्याचं निम्मं काम बंद होतं. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं, आणि त्याच्या नक्षीत वस्तऱ्यानं मारल्यासारख्या बारीक बारीक चिरा असतात. आणखी एक गंमत मला यंदाच कळली. टायरच्या खाचांत बर्फ भरला की वाईट, असं मी समजत होतो. उलट आहे. बर्फाला बर्फ चांगला धरतो! लहानपणी बर्फ न पाहिलेल्या माणसाला हे कुठून कळणार?

टायरवर डोंगराचं चित्र हवं, तीन शिखरं आणि आत हिमकण. पूर्वी नुसतं 'एम अँड एस' लिहिलेलं चालायचं, जर्मनीत १ ऑक्टोबर २०२४ पासून चालत नाही. माझ्या तळघरातल्या टायरांवर चित्र होतं, पण नक्षी झिजलेली. जर्मनीत कायद्यानं १.६ मिलिमीटर पुरते, पण ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात रस्त्यावर बर्फ असेल तर हिवाळी टायरला किमान ४ मिलिमीटर लागते. मोजायची इथली युक्ती म्हणजे दोन युरोचं नाणं. खाचेत उभं घालायचं, बाहेरची चंदेरी कडा बुडली तर चार मिलिमीटर आहे. माझी कडा बुडाली नाही. नवे टायर घेतले.

घेताना एक मोह टाळला. या गाडीला मुळात १७ इंची चाकं आहेत, २१५ रुंदीची. दिसायला झकास. पण हिवाळ्यासाठी १६ इंची रिम आणि २०५ चे टायर घेतले, गाडीच्या कागदांत ते माप मान्य आहे. बाहेरचा व्यास जवळजवळ तोच राहतो, फक्त रिम लहान आणि रबर उंच. टायर जरा अरुंद असला की भार कमी जागेत एकवटतो आणि तो पातळ चिखलबर्फ कापून खाली जातो. शिवाय उंच रबर खड्ड्यात रिम वाचवतं आणि साखळ्यांना थोडी जागा मिळते. गाडी आता दिसते मात्र अशी, की पहिलवानाला शाळेतले कॅनव्हासचे बूट घातलेत!

आणि हो, चारही टायर एकसारखे. ताकद मागच्या चाकांना आहे म्हणून मागचेच दोन हिवाळी घालावेत, असा हिशेब एका मित्रानं मांडला होता. मग वळणावर पुढची चाकं वळतील पण गाडी सरळ जाईल, त्याचं काय? ब्रेकही पुढेच जास्त लागतो.

मग साखळ्या. निळ्या गोल पाटीवर साखळी घातलेल्या चाकाचं चित्र दिसलं की साखळी सक्तीची. ती ज्या चाकांना ताकद आहे त्यांना घालायची, म्हणजे माझ्या मागच्या. घातल्यावर ताशी पन्नासच्या वर जायचं नाही. बसक्या गाडीत चाक आणि मडगार्डमध्ये जागा कमी, म्हणून बारीक कड्यांची साखळी शोधून आणली. आणि पहिल्यांदा घालायला मला एक्केचाळीस मिनिटं लागली. तीही कोरड्या गॅरेजमध्ये, दिव्याखाली, यूट्यूब बघत बघत! चौथ्या वेळी अकरा मिनिटांवर आलो. मग बायको म्हणाली, आता दिवा बंद करून घाल, हातमोजे घालून. ती थट्टा करत नव्हती. हातमोजे घालून, टॉर्च तोंडात धरून, सतरा मिनिटं.

बाकी कामं छोटी, पण प्रत्येकाचं कारण आहे. रेडिएटरमधलं पाणी गोठू नये म्हणून त्यात ग्लायकॉल असतं. निम्मं निम्मं असेल तर उणे पस्तीसच्या आसपास निभावतं. एक छोटा तरंगकाटा मिळतो, दूध मोजायच्या लॅक्टोमीटरसारखा, त्यानं तपासलं. (आमच्या गवळ्याची आठवण झाली. तो काटा त्याला कधीच आवडला नाही.) काच धुवायच्या पाण्यात उणे वीसपर्यंत न गोठणारं द्रावण भरलं. साधं पाणी असेल तर ते काचेवर पडता पडता गोठतं आणि समोरचं दिसायचं बंद होतं. बॅटरी तपासून घेतली, कारण थंडीत तिची ताकद घटते आणि नेमकं तेव्हाच घट्ट झालेलं तेल फिरवायला इंजिनाला जास्त जोर लागतो. टायरमधली हवा दर दहा अंश थंडीला साधारण ०.१ बारनं उतरते, म्हणून ती गरम गॅरेजमध्ये नाही, बाहेर थंडीत उभी करून मोजली.

दाराच्या रबराची गंमत सांगायलाच हवी. रात्री रबर ओलं राहिलं की दार गोठून चिकटतं. त्यावर इथला पिढीजात उपाय म्हणजे हरणाच्या चरबीची कांडी. दुकानदारानं मोठ्या कौतुकानं हातात ठेवली. मला आमची आजी डोळ्यांसमोर दिसली, गळ्यात लिंग, कपाळाला विभूती. कांडी हळूच परत ठेवली आणि ग्लिसरीन घेऊन आलो. तेही उत्तम चालतं.

डिकीत आता लहान फावडं, घोंगडी, टॉर्च, हातमोजे, त्रिकोण, चमकणारी जाकिटं आणि थर्मासची जागा. चुलतभावानं फोनवर सल्ला दिला, "मागची चाकं घसरतात ना? मग डिकीत दोन पोती तूर टाक की!" हसलो, पण सल्ला अगदीच टाकाऊ नाही. पूर्वी इथले लोक मागच्या चाकांच्या गाड्यांत वाळूची पोती टाकायचे. चढाला त्याचा उपयोग होतो. पण वळणावर तेच वजन लंबकासारखं गाडीला बाहेर ओढतं. मला लंबक पुन्हा नको होता.

आता ड्रायव्हर. हा भाग सगळ्यात अवघड, कारण त्याचे सुटे भाग मिळत नाहीत.

एक साधं गणित केलं. ताशी ५० च्या वेगात कोरड्या डांबरावर पूर्ण ब्रेक मारला तर गाडी साधारण १२ मीटरमध्ये थांबते. दबलेल्या बर्फावर त्याच वेगाला जवळजवळ ५० मीटर लागतात. आणि नितळ गोठलेल्या पाण्यावर १०० मीटर. यात आपल्याला धोका कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंतचं अंतर धरलेलंच नाही. चारही चाकांना ताकद देणारी मोठी गाडी निघताना मदत करते, थांबताना नाही. थांबताना सगळ्या गाड्या सारख्याच गरीब.

डिसेंबरात एक दिवस एडीएसीच्या प्रशिक्षण मैदानावर घालवला. तिथे जमिनीत एक हलती पट्टी असते, तिच्यावरून गाडी गेली की ती मागच्या चाकांना बाजूला झटका देते आणि पुढे ओल्या गुळगुळीत फरशीवर तुम्ही आणि तुमचं नशीब. पहिल्या चार वेळा मी गिरकी घेतली. माझ्याकडून एकच चूक पुन्हा पुन्हा होत होती. गाडी घसरली की मी जास्त काहीतरी करायचो. जास्त ब्रेक, जास्त स्टेअरिंग. प्रशिक्षक बाई वायरलेसवरून दर वेळी तेच सांगायच्या. कमी करा. क्लच दाबा, जिथे जायचंय तिथे बघा, हात हलके ठेवा. गाडीला स्वतःला सावरायचं असतं, तिला तेवढा वेळ द्या.

पाचव्या वेळी जमलं. आणि जमलं त्या क्षणी मला केसलबर्ग नाही, दुधनी आठवली.

ज्यांनी आमच्याकडची काळी माती पावसात पाहिली नाही त्यांना हे कळणार नाही. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, हात जाईल एवढ्या. आणि उत्तरा-हस्ताचा पाऊस पडला की तीच माती फुगते आणि लोण्यासारखी होते. या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगणाऱ्या जातीची असते, हे पुढे कॉलेजात शिकलो. पण तिच्यावर चालायचं कसं, ते त्याआधीच येत होतं. पावलं लहान टाकायची, टाच आपटायची नाही, घाई करायची नाही. अप्पा जीप तशीच चालवायचे. दुसऱ्या गिअरमध्ये, पाय जेमतेम टेकवून, स्टेअरिंग बोटांनी धरल्यासारखं. चाक फिरायला लागलं की मी मागून ओरडायचो, "अप्पा, जोरात!" आणि ते म्हणायचे, "जोर लावला की आत जातंय रे. सोड, सोड." मग उतरून बांधावरच्या कुडातल्या चार तुराट्या ओढायचे, चाकाखाली आडव्या घालायचे आणि जीप अलगद बाहेर. ती जीपही मागच्या चाकांचीच होती, हे मला या वयात, म्युनिकच्या एका ओल्या फरशीवर लक्षात यावं!

त्या रविवारी अप्पांना फोन केला. म्हटलं, सांगून टाकावं. हा माणूस आपल्या शेजारच्या सीटवर बसणार आहे, त्याला ठाऊक असायला हवं की चालवणारा कोण आहे.

"अप्पा, तो दिवा पार्किंगमध्ये नव्हता फुटला."

सगळं सांगितलं. उन्हाळी टायर, बायकोसमोरचा रुबाब, क्लच, कठडा. पलीकडे शांतता. मला वाटलं फोन कटला.

"क्लच पटकन सोडलास होय?" अप्पा म्हणाले.

"हो."

"हं." पुन्हा थोडं थांबले. "मला ठाऊक होतं, पार्किंगचं नव्हं ते. मागनं घासल्यावर दिवा तसा फुटत न्हाई."

मी गप्प.

मग त्यांनी आवाज खाली आणला. आई स्वयंपाकघरात असणार. म्हणाले, "तू सात वर्षांचा होतास. बोरोटीहून येताना जीप नाल्यात गेली, आठवतंय का?" आठवतंय की. म्हैस आडवी आली होती. आमच्या घरात ती म्हैस प्रसिद्ध आहे, आई अजून प्रत्येक प्रवासाला निघताना म्हणते, म्हशी बघून चालवा.

"म्हैस नव्हती रे," अप्पा म्हणाले. "पाऊस लागलेला, अडत बंद व्हायच्या आत पोचायचं होतं. घाई केली मी. तू मागं पोत्यावर झोपला होतास. जीप कलली तसा तू घरंगळत माझ्या पाठीशी आलास, तरी जागा झाला नाहीस. तुला उचलून बघितलं, श्वास बघितला. मग म्हैस सांगितली."

जवळजवळ चाळीस वर्षं त्या बिचाऱ्या म्हशीनं दोष घेतला होता!

आम्ही दोघंही हसायला लागलो. मग हसू थांबलं. अप्पा म्हणाले, "त्याच्यानंतर पावसात घाई केली न्हाई कधी. तुझं बी झालं ना एकदा? मग आता बसतो मी तुझ्या गाडीत. ज्याची झाली न्हाई, त्याच्या गाडीत बसायला भ्या वाटतंय."

माझ्याकडे यावर उत्तर नव्हतं. थोड्या वेळानं मी विचारलं, जे सत्तावीस वर्षांत विचारलं नव्हतं. "अप्पा, जीप विकली तेव्हा वाईट वाटलं का तुम्हाला?"

"वाटलं की. चार दिवस," ते म्हणाले. आणि लगेच, "त्या साखळ्या घालायला किती वेळ लागतोय म्हणलास?"

तर बेत असा आहे. फेब्रुवारीत एका मधल्या वारी, गर्दी टाळून, अप्पा आणि मी निघणार. गार्मिश, मिटेनवाल्ड, झेफेल्ड आणि पुढे त्सिर्लर बर्गचा उतार. हा १६ टक्क्यांपर्यंतचा आहे, ब्रेक गेलेल्या गाड्यांसाठी बाजूला खडीच्या आडवाटा ठेवल्यात, तिथे मी दुसऱ्या गिअरमध्ये गोगलगाय होणार आहे. मग खाली इन नदीच्या खोऱ्यातून झेलरेनच्या दरीत शिरून वर क्युटाईला. ते गाव २,०२० मीटरवर आहे. तिथे चहा पिऊन उजेड असतानाच परत. आई म्हणते, तुमचा तो बर्फ तुम्हीच बघा, मी आणि सूनबाई बाजारात जाऊ.

बायकोनं आधी या बेताला स्वच्छ नाही म्हटलं होतं. मग गेल्या रविवारी म्हणाली, "मला घेऊन चल आधी. त्याच घाटानं." गेलो. केसलबर्गवर बर्फ होता, रस्ता खरवडून काढलेला पण कडेला पांढरा. त्या वळणाआधी मी वीसवर आलो. क्लच इतका हळू सोडला की मागच्याला राग आला असेल. ती कठड्याकडे बघत होती, मी रस्त्याकडे. वळण गेलं. खाली कोखेलला पोचल्यावर तिनं खिशातून हात बाहेर काढले. म्हणाली, "ठीक आहे. पण बर्फ पडत असेल त्या दिवशी नाही." मान्य!

आणि हेच अप्पांना कळवायला फोन केला, की बघा हं, ऐन वेळी हवा बिघडली तर गाडी नेता येणार नाही. मला वाटलं हिरमुसतील. ते म्हणाले, "मग तिकडं रेल्वे जात न्हाई का?"

जाते की! म्युनिकहून गार्मिश, मिटेनवाल्ड, झेफेल्ड करत थेट इन्सब्रुकपर्यंत डोंगरातून रेल्वे जाते, १९१२ पासून. खिडकीला नाक लावून बसलं की बर्फच बर्फ. दुधनीच्या माणसाला हे सुचावं यात नवल नाही, आमचं निम्मं गाव स्टेशनावरच्या गाड्यांवर घड्याळ लावायचं. मीच तीन आठवडे टायर, साखळ्या आणि ग्लिसरीन यांत इतका बुडालो होतो, की ही एवढी साधी तयारी करायची राहूनच गेली होती. आता वेळापत्रक फ्रिजवर चिकटवलंय, साखळ्यांच्या पिशवीच्या बरोबर वर.

असो. बरंच लांबलं. आई विचारतेय तूरडाळ किती किलो आणू. मी म्हटलं दोन. म्हणजे पाच येणार. परत जाताना मात्र तिला एक गोष्ट सांगायची नाही असं आमचं, बाप-लेकाचं, ठरलंय. म्हशीची. ही ओळ तिच्यापर्यंत पोचवणाऱ्या भावंडांनो, जरा दमानं घ्या!